रुमालराव आणि भाड्याच्या ताटल्या

दिनांक १७ मे, रविवार. निळ्या काठाच्या सात ताटल्या, दर वीस रुपये, आणि सात वाट्या, दर सहा रुपये, यांचे एका दुपारचे भाडे एकूण रुपये १८२ फक्त. ही रक्कम मी केटररला रोख दिली आणि पावती घेतली. यावरून आमच्या घरात ताटल्या नाहीत असा कोणी समज करून घेऊ नये. भरपूर आहेत. तरीही भाड्याने आणाव्या लागल्या, त्याचे कारण आमचे व्याही, आणि हा लेख त्यांच्यावरच आहे.

तेव्हा ते व्याही झालेले नव्हते. आमच्या चिरंजीवांनी एक मुलगी पसंत केली होती आणि हे तिचे वडील होते. उंच, किडकिडीत, वय माझ्याएवढेच. खिशात कायम दोन रुमाल: एक स्वतःसाठी, दुसरा जगासाठी. कुठलीही वस्तू वापरण्याआधी ते ती पुसतात. बाकावर बसण्याआधी बाक, पाणी पिण्याआधी पेला, बँकेत दोरीला बांधलेले पेन हातात घेण्याआधी पेन आणि जमले तर दोरीसुद्धा. वापरून झाल्यावर मात्र पुसत नाहीत. एकदा मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "मागचा माणूस पुसून गेला असेल यावर माझा भरवसा नाही. मग माझ्या पुसण्यावर पुढच्याने तरी का ठेवावा? ज्याचं त्याने आधी पुसावं."

मार्च महिन्यात मंडळी आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आली. हिने दोन दिवस खपून स्वयंपाक केला होता. ताटल्या मांडल्या, सगळे बसले, आणि या गृहस्थांनी खिशातून दुसऱ्या क्रमांकाचा रुमाल काढून समोरची ताटली पुसायला घेतली.

"घासलेली आहे," ही म्हणाली.

"हो हो, दिसतंय ना," असे म्हणून त्यांनी ताटली खाली ठेवली आणि वाटी उचलली.

"वाटीसुद्धा घासलेली आहे."

"तीही दिसतेय," ते अगदी प्रेमाने म्हणाले आणि चमच्याकडे वळले.

त्यांच्या पत्नीने टेबलाखालून त्यांना लाथ मारली. ती मला लागली. मी पाय आत ओढून घेतले.

मंडळी गेली, दार लागले, आणि ही खुर्चीवर बसली.

"तीस वर्षं संसार केला मी. माझी ताटली पुसली त्या माणसाने. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत!"

"सवय असते एकेकाला."

"ताटलीचंही एक वेळ सोडून दिलं असतं. पण चमचा? चमच्याने काय केलं होतं त्याचं?"

त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचे नाव रुमालराव पडले. तेवढ्यावर भागले असते. पण हिने रात्रीच आक्काला फोन केला.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली, पण मुख्याध्यापकपण सुटलेले नाही. तिला मूलबाळ नाही. शेजारच्या इमारतीत तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट रिकामा असतो, तो भाच्याला लग्न झाल्यावर राहायला देईन असे तिने म्हणून ठेवले होते. आणि मुलीने आमच्या चिरंजीवांना सरळ सांगितले होते, की तुमच्या हॉलमध्ये पडदा लावून मी संसार करणार नाही. मला ते पटले. आमचा हॉल मी रोज पाहतो. थोडक्यात, आक्का हो म्हणाली तर फ्लॅट, आणि फ्लॅट मिळाला तर लग्न.

आक्काने फोनवर सगळे ऐकून घेतले.

"पुन्हा बोलाव त्यांना जेवायला," ती म्हणाली. "मी येते. मुलगी चांगलीच असेल, पण बाप दुसऱ्याच्या घरचं ताट पुसून बसत असेल तर पुढे काय काय पुसेल याचा नेम नाही. माझ्यासमोर पुसलं तर फ्लॅटचं विसरा. आणि हे बघ, जेवायला माझा सेट काढ. निळ्या काठाचा."

"हो वन्सं," ही म्हणाली आणि फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

निळ्या काठाचा सेट आक्काने आमच्या लग्नात दिला होता. अकरा वर्षांपूर्वी घर बदलताना हमालाचा जिन्यात पाय घसरला आणि तो सेट तीन मजले खाली गेला. दोन वाट्या वाचल्या. एकीत आम्ही रबरबँड ठेवतो, दुसरीत खिळे. आक्काला कळवण्याची हिंमत कोणाला झाली नव्हती. तिने विचारले की ही सांगे, "ठेवणीत आहे."

कामाची वाटणी झाली. ताटल्यांचे बघायचे हिने, रुमालाचे बघायचे मी.

मी रुमालरावांच्या घरी गेलो तेव्हा दुपार होती. विहीणबाई तळमजल्यावर पाळणाघर चालवतात, तिथून त्यांनी मला वरच्या खोलीकडे पिटाळले. हे घरूनच काम करतात. खोलीत कॉम्प्युटरचे दोन पडदे, त्यांच्यासमोर ते, आणि खाली वायरींच्या गुंत्यात एक उघडे यंत्र, त्याच्या पंख्याचा आवाज. मला खुर्ची दिली, आधी पुसून.

मी हिशेबाचा माणूस. कॉम्प्युटर मी रोज वापरतो, पण आत काय आहे ते विचारत नाही. म्हणून आधी आडून सुरुवात केली, की तुम्ही नक्की करता काय? त्यांना कोणी हे विचारत नसावे. त्यांचा चेहरा उजळला.

"कॉम्प्युटरमध्ये सगळ्यांच्या तळाशी एक प्रोग्राम असतो. कर्नेल म्हणतात. बाकीच्या प्रोग्रामांना काहीही हवं असलं की याच्याकडे मागायचं. जागा हवी, फाइल हवी, वेळ किती झाला, सगळं यालाच विचारायचं. मी त्यातल्या गळत्या बुजवतो."

"कसल्या गळत्या?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिले, उठले, आणि विहीणबाईंची गोळ्यांची डबी घेऊन आले. आठवड्याच्या गोळ्यांसाठी मिळते ती, कप्प्याकप्प्यांची.

"समजा, एका प्रोग्रामने माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. मी ही डबी घेतली, पहिल्या कप्प्यात एक टाकली, शेवटच्या कप्प्यात एक टाकली, आणि डबी त्याच्या हातात दिली. बरोबर?"

"बरोबर."

"मधल्या कप्प्यांत काय आहे?"

"काही नाही. तुम्ही कुठे काही टाकलंत?"

"मी टाकलं नाही. पण डबी नवी नव्हती!" त्यांनी मधला कप्पा उघडला. आत अर्धी पांढरी गोळी होती. "ही मागच्या आठवड्याची. म्हणजे आता त्या प्रोग्रामला कळलं, की आमच्या हिला रक्तदाब आहे आणि ती गोळी अर्धीच घेते. त्याने विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं, तरी कळलं. मेमरी अशीच असते. एकाची जागा दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. मधे कोणी पुसत नाही. त्या फटींतून कोणाचा अर्धा पासवर्ड जातो, तर कधी कर्नेल आपल्या वस्तू कुठे ठेवतं त्याचा पत्ता जातो. चोराला एवढं पुरतं."

"मग तुम्ही काय करता?"

"डबी भरण्याआधी पुसतो. एक ओळ लिहावी लागते."

"एक ओळ? दिवसाला?"

"आठवड्याला," ते म्हणाले. "आठवडा बरा गेला तर."

आमच्या कचेरीत असे कोणी साहेबांना सांगितले असते तर काय झाले असते, ते मी मनातच ठेवले. हा माणूस ताटल्या का पुसतो ते मात्र मला लख्ख कळले. वीस वर्षे दिवसभर दुसऱ्यांचे उरलेसुरले बघत बसल्यावर समोरची रिकामी ताटली कोणाला रिकामी दिसेल?

"पण सध्या आठवडा बरा नाही," त्यांचा चेहरा पडला. "कर्नेलच्या प्रत्येक भागावर कोणी तरी राखणदार असतो. त्याने मान डोलावल्याशिवाय आपली ओळ आत जात नाही. या भागावर एक बाई आहेत. कुठल्या देशात असतात देव जाणे. पत्रांवरून वाटतं, तिथे कायम सकाळच असते आणि चहा झालेला नसतो. मी ओळ पाठवली. उत्तर आलं: माझ्या भागात कचरा नसतो, पुसण्यात फुकट वेळ जातो, नको. तीनदा पाठवली, तीनदा तेच. सरळ सरळ गळतंय हो! एवढं रागवायचं काय त्यात?"

"तुम्ही पत्रात लिहिलं होतंत काय?"

त्यांनी पडद्यावर दाखवले. पहिलेच वाक्य असे होते, की या भागात मागचा कचरा तसाच पडून राहतो.

मी घसा साफ केला. आयती संधी होती.

"व्याहीबुवा... म्हणजे अजून झालेला नाहीत, पण होऊ घातलेले. मार्चमध्ये तुम्ही आमच्याकडे जेवलात. ताटली पुसलीत."

"हो. सुंदर होता स्वयंपाक."

"त्या दिवसापासून आमची ही चिडलेली आहे. तिचं म्हणणं, माझ्या घरात कचरा नसतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पडद्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"म्हणजे मी या बाईंचीही ताटली पुसली."

"चमच्यासकट," मी म्हणालो.

मग मी आक्काचे, फ्लॅटचे, सगळे सांगितले. सेटचे तेवढे सांगितले नाही. ते ऐकून गृहस्थ इतके घाबरले, की दोन्ही रुमाल काढून त्यांनी माझ्या हातात दिले. मी परत केले. एक वापरलेला होता.

"सतरा तारखेला रुमाल आणणारच नाही," ते म्हणाले.

"मी खिसे तपासून आणीन," दारातून विहीणबाई म्हणाल्या. त्या केव्हा आल्या होत्या कळले नाही. "आणि माझी डबी कुठंय?"

माझे काम झाले. हिचेही झाले. पलीकडच्या गल्लीतल्या केटररकडे अगदी तशाच ताटल्या निघाल्या: पांढऱ्या, निळ्या काठाच्या. सतरा तारखेला सकाळी मी त्या खोक्यातून घरी आणल्या. निघताना काठ मोजून घेतले होते, सात होते. हिने पहिली ताटली बाहेर काढली, मधला कागद बाजूला केला आणि मटकन खाली बसली.

ताटलीच्या बरोबर मधोमध नाण्याएवढा निळा शिक्का होता आणि त्यात गोलाकार अक्षरे: केटररची मालमत्ता.

"तुम्ही बघून नाही आणल्यात?"

"मोजून आणल्या."

"मोजून आणल्या म्हणे! काठ जेवायचेत का आपल्याला?"

शिक्का घासून पाहिला. तो भाजूनच बसवलेला होता. दुसऱ्या ताटल्या शोधायला वेळ नव्हता. चिरंजीव म्हणाले, "आई, मधे भात वाढायचा. शिक्का झाकला जाईल."

"आणि भात संपला की?"

"संपू द्यायचाच नाही."

तेच धोरण ठरले. ताटल्या आधी वाढून मगच टेबलावर आणायच्या. भात बरोबर मधोमध. कोणाच्याही ताटलीचा मधला भाग उघडा पडतो असे वाटले की वाढायचे. नको म्हटले तरी वाढायचे. जेवण झाले की भात असतानाच उचलायच्या.

"त्यांना आधी सांगून ठेवू या का?" मी विचारले.

"कोणाला, रुमालरावांना? ताटल्या भाड्याच्या आहेत, काल कोण जेवलं आणि कोणी धुतल्या काही माहीत नाही, हे त्या माणसाला सांगायचं? अहो, तो टेबलसुद्धा पुसायला घेईल!"

साडेबारा वाजता सगळे बसले. टेबलाच्या टोकाला आक्का, तिच्या उजव्या हाताला रुमालराव. आक्काने ताटलीच्या काठावरून बोट फिरवले. "तीस वर्षांत एक टवका नाही. ठेवणीतलं ते ठेवणीतलं," ती म्हणाली. ही हसली. ते हसणे बघवत नव्हते.

मग आक्का रुमालरावांकडे बघत बसली. त्यांनी वचन पाळले. त्यांचा उजवा हात एकदा खिशाकडे गेला, तिथे काही नव्हते, तो परत आला. त्यांनी डोळे मिटले, पहिला घास घेतला आणि गिळला. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी सुटकेचे निश्वास टाकले गेले.

आमच्या हिशेबात एक गोष्ट धरायची राहून गेली होती. हा माणूस जेवतोही पुसल्यासारखा. शीत उरू देत नाही. बाहेरून आत, ओळीने, ताटली लख्ख करत येतो. पाच मिनिटांत ते मध्याच्या बोटभर अंतरावर पोहोचले. ही धावत आली आणि तिने भाताचा ढीग घातला.

"अहो, पुरे."

"तुम्ही काही खाल्लंच नाही."

त्यांनी पुन्हा कडेपासून सुरुवात केली. हिने पुन्हा वाढले. तिसऱ्यांदा चिरंजीवांनी वाढले. रुमालरावांच्या कपाळावर घाम आला, आणि तो टिपायला रुमाल नव्हता.

"तुम्ही नक्की काम काय करता?" आक्काने विचारले. तिच्या शाळेत हा आवाज ऐकून मुले उभी राहत असत.

"एकाचं उरलेलं दुसऱ्याला दिसू नये, म्हणून पुसतो," घास सांभाळत ते म्हणाले. "कॉम्प्युटरच्या आत."

"ज्याचं उरलं त्याने पुसायला नको?"

"पुसायला हवं. पण आता तुम्ही शाळेत होतात. तास संपला की फळा कोणी पुसायचा?"

"तास घेणाऱ्या शिक्षकाने. माझा नियमच होता."

"पुसायचे?"

आक्का थांबली. घास हातात तसाच राहिला.

"एकही नाही पुसत मेला," ती म्हणाली. "मी वर्गात गेले की फळ्यावर मागच्या तासाचं अर्धं गणित. आणि मुलं इतिहासाच्या वहीत ते उतरवून घेताहेत!"

"तेच आमच्याकडे होतं," रुमालराव म्हणाले. "मी ते फळे पुसतो."

"पण मग लोकांना राग येत असेल."

"फार येतो," ते म्हणाले आणि अपराधी नजरेने हिच्याकडे बघून त्यांनी पुढचा घास उचलला.

त्या घासाखाली शिक्का होता. अर्धाच उघडा पडला: केटरर. मी समोरच बसलो होतो. ही त्यांच्या खांद्यामागे भाताचे पातेले घेऊन उभी होती, पण डाव पातेल्यातच राहिला. रुमालरावांनी ते वाचले. निळ्या काठाकडे पाहिले. मघाशी काठावरून फिरलेल्या आक्काच्या बोटाकडे पाहिले. मग मान वर करून हिच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि त्यांना सगळे कळले. असल्या अर्ध्या अक्षरांवरून पुढचे ओळखणे हाच त्यांचा धंदा.

"वहिनी," ते म्हणाले, "भात."

हिने वाढला. तेवढ्यात त्यांची नजर आक्काच्या ताटलीवर गेली. आक्का नीटनेटकी. ती भात काठाशी ओढून घेऊन जेवते, आणि मधली जागा जवळजवळ मोकळी झाली होती. शिक्क्याची कड दिसत होती. आक्काचा चष्मा घाम पुसताना काढलेला, टेबलावर पडलेला होता, आणि तिचा हात त्याच्याकडे चालला होता.

रुमालरावांनी हिच्या हातातला डाव घेतला आणि आक्काच्या ताटलीत मधोमध भात थापला.

"अहो!" विहीणबाई ओरडल्या.

"मला नको होता हो," आक्का म्हणाली.

"असू द्या. मधे जागा दिसत होती," ते म्हणाले. "मधे मोकळं बरं नाही."

त्यानंतर त्यांनी थांबायचे नाव घेतले नाही. ज्याच्या ताटलीत पांढरे दिसेल तिथे डाव. मुलीला वाढले, मला वाढले, विहीणबाईंना वाढले. जेवण संपले तेव्हा सातही ताटल्यांत भात होता आणि कोणाला धड उठता येत नव्हते. रुमालरावच सगळ्यांत आधी उठले, सगळ्या ताटल्या एकावर एक गोळा करून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला. त्यांच्या मागे मी गेलो. हातात काही तरी असावे म्हणून दोन वाट्या घेतल्या. मी पोहोचेपर्यंत त्यांनी सहा ताटल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. सातवी हातात होती.

"द्या ती इकडे," दारातून आक्काचा आवाज आला. "माझ्या सेटची ताटली मी स्वतः पुसणार."

रुमालराव वळले. त्यांनी ताटली छातीशी धरली, शिक्का आत. आक्काने काठ पकडला. "अहो, सोडा." "राहू द्या, मी पुसतो." "मी म्हणते ना, द्या." आणि ताटली निसटली.

फुटल्याचा आवाज ऐकून ही आली आणि दारातच थिजली. आक्काने वाकून एक तुकडा उचलला. त्याच्यावर निळ्या अक्षरात 'मालम' एवढे शिल्लक होते. तिने तो डोळ्यांपासून लांब धरला.

"हे निळं काय? माझ्या सेटला मधे नक्षी नव्हती."

"जपून, लागेल तुम्हाला!" म्हणत रुमालरावांनी तो तुकडा तिच्या हातातून काढून घेतला आणि मुठीत घट्ट धरला. लागला त्यांनाच. बोटातून रक्ताची धार लागली. सवयीने त्यांचा दुसरा हात खिशात गेला. खिसा रिकामा.

आक्काने आपल्या कमरेचा रुमाल काढला. सकाळपासून तो तिच्याकडे होता. त्याने तिने बसचा दांडा धरला होता, घाम पुसला होता, जेवणानंतर तोंडही पुसले होते. बसचे तिने आल्या आल्या सांगितले होते, बाकीचे आमच्यादेखत झाले होते, रुमालरावांच्याही. तो रुमाल तिने त्यांच्या बोटाला करकचून बांधला. त्यांनी हात मागे घेतला नाही. त्यांचा चेहरा मात्र असा झाला होता, की रक्त जास्त गेले असे आक्काला वाटले आणि तिने त्यांना स्टुलावर बसवले.

"एका ताटलीचं काय एवढं मनाला लावून घेता?" ती म्हणाली. "मी तुमच्याविषयी वेगळंच ऐकलं होतं. पुसतो, पुसतो म्हणे. पुसेना का! निदान उठून पुसतो. आमच्या घरातले पुरुष जन्मात ताटली उचलत नाहीत."

मी दोन्ही वाट्या पुढे केल्या. तिने पाहिले नाही.

"फ्लॅटची किल्ली पुढच्या आठवड्यात येऊन घेऊन जा," तिने चिरंजीवांना सांगितले. "आणि जाताना ते तुकडे नीट गोळा करा कोणी तरी."

रुमालरावांनी स्टुलावरून उठून ते स्वतः गोळा केले. अक्षरांचे वेगळे, कोऱ्यांचे वेगळे. अक्षरांचे तुकडे ते खिशातून घरी घेऊन गेले.

संध्याकाळी त्यांना सोडायला खाली गेलो तेव्हा जिन्यात मी हळूच विचारले, "मुद्दाम पाडलीत ना?"

"छे हो. हात ओला होता. पुसायला रुमाल नव्हता." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "आणि मुद्दाम फोडून काय मिळणार होतं? फोडलं, टाकून दिलं, की लोकांना वाटतं संपलं. पण अक्षरं तुकड्यांवर तशीच असतात. आमच्याकडे निम्म्या गळत्या याच समजुतीने होतात."

बोटाला मात्र त्यांनी घरी जाऊन दोनदा औषध लावले, असे विहीणबाई सांगतात.

त्याच आठवड्यात त्यांनी राखणदार बाईंना चौथे पत्र लिहिले. सुरुवात अशी केली, की आपला भाग अत्यंत स्वच्छ आहे. दोष माझ्याच सवयीचा समजा. तरी भरण्याआधी एकदा पुसण्याची परवानगी असावी. उत्तर एका शब्दाचे आले: घेतली. ते त्यांनी मला फोन करून वाचून दाखवले, दोनदा.

लग्न झाले. मुले आक्काच्या फ्लॅटमध्ये राहतात. आता रुमालराव आमच्याकडे जेवायला येतात तेव्हा ही त्यांच्या ताटलीशेजारी धुतलेले फडके घडी करून ठेवते.

"घासलेली आहे हं," ती म्हणते.

"दिसतंय ना, विहीणबाई," ते म्हणतात आणि पुसतात. चमचा ती स्वतः पुढे करते.

आक्का अजून सेटची चौकशी करते. "ठेवणीत आहे," ही सांगते. "एक कमी."

सहा ताटल्या आणि सात वाट्या मी दुसऱ्या दिवशी केटररला परत केल्या. सातव्या ताटलीचे त्याने नव्वद रुपये सांगितले. ती माझ्या हातून फुटली, मी देणार, असे व्याह्यांचे म्हणणे. आमच्या घरात फुटली, मी देणार, असे माझे. आम्ही दोघेही एकमेकांना देऊ देत नाही. केटररचे नव्वद रुपये अजून द्यायचे आहेत.